रेटिनॉल क्रीम पहिल्यांदा लावताना: डबीवरच्या सूचनांमागचा इतिहास

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही, जनरल फिजिशियन आहे. तरीही गेल्या काही वर्षांत बीपी किंवा शुगर दाखवायला आलेले पेशंट उठता उठता पर्समधून एक छोटी ट्यूब काढतात आणि विचारतात, "डॉक्टर, ही रेटिनॉलची नाइट क्रीम लावली तर चालेल ना?" पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. रात्रीच का लावायची? आठवड्याभरात चेहरा लाल झाला, सालं निघायला लागली, बंद करू का? मुलीचं लग्न ठरलंय, तिने लावली तर चालेल का? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: मैत्रिणीला मेडिकलमधून याच प्रकारची एक ट्यूब मिळाली, ती स्वस्तही आहे आणि लवकर गुणही येतो, तीच घेऊ का?

या प्रश्नांची उत्तरं क्रीमच्या डबीवर चार-पाच ओळींत छापलेली असतात. थोडीशीच लावा, रात्री लावा, दिवसा सनस्क्रीन वापरा, गरोदरपणी वापरू नका. आपण त्या ओळी वाचतही नाही. पण यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी अनुभवातून आलेली आहे. काही अनुभव प्रयोगशाळेतल्या उंदरांचे, काही तुरुंगातल्या कैद्यांचे, काही जन्मलेल्या आणि न जन्मलेल्या बाळांचे. हा इतिहास माहीत असला की सूचना पाळणं सोपं जातं, म्हणून आज तो सांगतो.

यकृतापासून अ जीवनसत्त्वापर्यंत

रेटिनॉल म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपलं ओळखीचं अ जीवनसत्त्व, म्हणजे व्हिटॅमिन ए. त्याचा पहिला परिचय माणसाला डोळ्यांमुळे झाला. संध्याकाळनंतर न दिसणं, म्हणजे रातांधळेपणा, आणि त्यावर प्राण्याचं यकृत हा उपाय प्राचीन इजिप्तमध्ये माहीत होता. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही नक्तांध्यावर यकृताचा उपयोग सांगितला आहे. यकृतातच अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

१९१३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅक्कॉलम आणि मार्गारेट डेव्हिस यांना असं दिसलं, की उंदरांच्या आहारात स्निग्ध पदार्थ म्हणून चरबी किंवा ऑलिव्ह तेल दिलं तर त्यांची वाढ खुंटते. लोणी किंवा अंड्याच्या बलकातला स्निग्धांश दिला की ती पुन्हा सुरू होते. येल विद्यापीठात ऑस्बोर्न आणि मेंडेल जवळपास त्याच वेळी त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. १९२० मध्ये जॅक ड्रमंड यांनी या घटकांना अ, ब, क अशी अक्षरं देण्याचं सुचवलं आणि 'व्हिटॅमिन ए' हे नाव रूढ झालं. १९३१ मध्ये पॉल कारर यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली. १९३७ च्या त्यांच्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता.

डोळ्यांचं जीवनसत्त्व त्वचेत कुठून आलं?

१९२५ मध्ये वोलबाक आणि हाउ या दोघांनी अ जीवनसत्त्व न दिलेल्या उंदरांच्या अवयवांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. श्वासनलिका, लाळग्रंथी, मूत्रमार्ग अशा ठिकाणचं मऊ, ओलसर अस्तर जाऊन तिथे त्वचेसारखा कोरडा, कडक थर तयार झाला होता. याचा अर्थ असा, की आपल्या शरीराला आतून-बाहेरून झाकणाऱ्या पेशींनी कसं वाढायचं आणि कसं पक्व व्हायचं याचे आदेश अ जीवनसत्त्वाकडून जातात.

माणसातही त्याचा प्रत्यय आला. १९३३ मध्ये लुशियस निकोल्स यांनी कुपोषित लोकांच्या कोपर-गुडघ्यांवर दिसणाऱ्या खरखरीत, काटेरी त्वचेला 'फ्रायनोडर्मा' हे नाव दिलं. त्याचा अर्थ बेडकासारखी कातडी. आज आपण मानतो की या आजारात इतर पोषकद्रव्यांची कमतरताही असते. आपल्याकडे कुपोषित मुलांमध्ये तो अजूनही दिसतो.

हे झालं कमी पडलं तर. जास्त झालं तर काय होतं, याची नोंद त्याहून तीनशे वर्षं जुनी आहे. विलेम बारेंट्स यांच्या नेतृत्वाखाली डच खलाशांची एक तुकडी १५९६-९७ चा हिवाळा उत्तर ध्रुवाजवळच्या नोवाया झेमल्या बेटावर अडकून पडली होती. त्यांनी ध्रुवीय अस्वलाचं यकृत शिजवून खाल्लं आणि ते आजारी पडले. त्यातल्या तिघांची कातडी अक्षरशः डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली. १९४० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की या अस्वलाच्या यकृतात अ जीवनसत्त्व प्रचंड प्रमाणात असतं आणि विषबाधा त्याचीच होते. नवी क्रीम लावल्यावर नाकाच्या कडेला जी बारीक सालं निघतात, ती याच परिणामाची फार सौम्य आवृत्ती असते.

पोटातून नको, वरून लावू

त्वचेचं जीवनसत्त्व आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी ते मुरुमांसाठी वापरून पाहिलं. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रॉमफ्योर्ड यांनी मुरुमांच्या रुग्णांना ते तोंडावाटे मोठ्या मात्रेत दिलं. पण तोंडावाटे मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली की डोकेदुखी, केस गळणं, यकृताला इजा असे त्रास होतात. अ जीवनसत्त्व चरबीत विरघळणारं असल्याने ते ब किंवा क जीवनसत्त्वासारखं लघवीवाटे सहज निघून जात नाही.

मग ते वरून लावायची कल्पना पुढे आली. १९४६ मध्ये नेदरलँड्समध्ये अ जीवनसत्त्वाचं आम्ल, म्हणजे रेटिनोइक ॲसिड, प्रयोगशाळेत तयार झालं होतं. हे आम्लरूप पेशींवर थेट काम करतं. त्याचंच औषधी नाव ट्रेटिनॉइन. १९६२ मध्ये जर्मनीत ग्युंटर स्ट्युटगेन यांनी त्वचा जाड होणाऱ्या आजारांवर ते लावून पाहिलं. गुण येत होता, पण त्वचेची आग इतकी होई की उपचार पुढे रेटणं अवघड होतं. १९६९ मध्ये फिलाडेल्फियात अल्बर्ट क्लिगमन, जेम्स फुल्टन आणि गेर्ड प्लेविग यांनी मुरुमांवर त्याचा चांगला उपयोग होतो असं प्रसिद्ध केलं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'रेटिन-ए' या नावाने त्याला मान्यता दिली.

होम्सबर्ग तुरुंग

इथे थोडं थांबायला हवं. क्लिगमन हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले नामांकित त्वचारोगतज्ज्ञ. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या पायांना झालेला बुरशीचा संसर्ग पाहायला बोलावलं होतं. शेकडो माणसं एका जागी, ठरलेला आहार, ठरलेली दिनचर्या आणि पळून जायची सोय नाही. प्रयोगांसाठी ही फार सोयीची जागा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

पुढची वीसेक वर्षं, १९७४ पर्यंत, तिथे शाम्पू आणि दुर्गंधीनाशकांपासून मनावर परिणाम करणाऱ्या रसायनांपर्यंत असंख्य गोष्टींच्या चाचण्या झाल्या. काही कैद्यांच्या त्वचेवर डायॉक्सिन हे विषारी रसायन ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट लावलं गेलं. रेटिन-एच्या सुरुवातीच्या चाचण्याही इथल्या कैद्यांवर झाल्या. बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय होते. अनेकांवर गुन्हा सिद्धही झालेला नव्हता. जामिनाचे पैसे नसल्याने ते खटल्याची वाट पाहत आत होते. पाठीवर पट्टी लावून घेतली की थोडे डॉलर मिळत, ते कुणी घरी पाठवत, कुणी जामिनासाठी साठवत. कागदावर सही घेतली जाई, पण काय लावलंय आणि त्याने काय होऊ शकतं, हे समजावून सांगितलं जात नसे. प्रयोगाला माणसाची स्वेच्छेने दिलेली, समजून-उमजून दिलेली संमती हवी, हे तत्त्व न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर १९४७ मध्येच लिहिलं गेलं होतं, हे इथे लक्षात घ्या.

१९९८ मध्ये ॲलन हॉर्नब्लम यांच्या 'एकर्स ऑफ स्किन' या पुस्तकाने हे सगळं लोकांसमोर आणलं. २००० मध्ये जवळपास तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला, पण मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून तो फेटाळला गेला. औषधाच्या पेटंटमधून विद्यापीठाला आणि क्लिगमनना पैसा मिळाला. ज्यांच्या पाठीवर औषध तपासलं गेलं त्यांना त्यातला वाटा मिळाला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने २०२१ मध्ये माफी मागून क्लिगमन यांच्या नावाची व्याख्यानमाला बंद केली. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहरानेही माफी मागितली. तोवर क्लिगमनही हयात नव्हते आणि बरेच कैदीही.

मग हे औषध वापरायचंच नाही का? तसं मी म्हणणार नाही. औषध खरंच उपयोगी आहे आणि नंतर इतरत्र, रीतसर संमती घेऊन झालेल्या चाचण्यांतही ते सिद्ध झालं आहे. पण आज मी तुम्हाला एखादं औषध देताना त्याचे त्रास सांगतो, तुम्ही "नको" म्हणू शकता, तो तुमचा हक्क आहे. तो हक्क होम्सबर्गच्या माणसांना मिळाला नव्हता, एवढं आपण विसरू नये.

मुरुमांकडून सुरकुत्यांकडे

मुरुमांसाठी रेटिन-ए लावणाऱ्या वयाने मोठ्या स्त्रिया सांगू लागल्या, की त्वचा मऊ झाली, बारीक सुरकुत्या कमी दिसतात. १९८६ मध्ये क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेवरचा लेख प्रसिद्ध केला. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या गटाने ३० जणांवर १६ आठवडे चाचणी केली. एका हाताला औषध, दुसऱ्या हाताला नुसतं मलम; कुठल्या हाताला काय, हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. औषध लावलेल्या त्वचेत फरक दिसला. बहुतेकांच्या त्वचेची आगही झाली. बातमी पसरताच अमेरिकेतल्या औषध दुकानांत ट्यूबसाठी झुंबड उडाली.

तेव्हा सुरकुत्यांसाठी या औषधाला मान्यता नव्हती. ती १९९५ च्या अखेरीस 'रेनोव्हा' या क्रीमला मिळाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला रेटिन-ए विकणाऱ्या ऑर्थो फार्मास्युटिकल या कंपनीने, सुरकुत्यांसाठी केलेल्या प्रचाराची चौकशी चालू असताना कागदपत्रं नष्ट केल्याचा गुन्हा कबूल केला होता. दंड आणि भरपाई मिळून ७५ लाख डॉलर तिला भरावे लागले.

दरम्यान औषध काम कसं करतं हेही कळत गेलं. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या पिएर शाँबों आणि अमेरिकेतल्या रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटांनी पेशीच्या केंद्रकात रेटिनोइक ॲसिडचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, शोधून काढले. ॲसिड तिथे जाऊन बसलं की ठराविक जनुकं चालू किंवा बंद होतात. छिद्रं तुंबवणाऱ्या पेशी सुट्या होतात, वरचा थर लवकर बदलतो, आणि काही महिन्यांनी खालच्या थरात नवं कोलॅजन तयार होऊ लागतं. १९९३ च्या एका अभ्यासात १० ते १२ महिने ट्रेटिनॉइन लावल्यावर कोलॅजनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढलेली आढळली. इथे १० ते १२ महिने हा कालावधी लक्षात ठेवा. पंधरा दिवसांत सुरकुत्या जातील असं सांगणारी जाहिरात कशाच्या आधारावर बोलते, हे तुम्हीच ठरवा.

आणखी एक अभ्यास मला पेशंटना सांगायला आवडतो. १९९५ मध्ये ९९ जणांवर ४८ आठवडे ०.०२५ टक्के आणि ०.१ टक्के अशा दोन तीव्रतांची तुलना झाली. सुधारणा सारखीच, त्रास मात्र तीव्र औषधाने कितीतरी जास्त. म्हणजे सालं निघतात तितका गुण येतो, हा समज चुकीचा आहे.

गोळी आणि गर्भ

अ जीवनसत्त्वाच्या याच कुटुंबातलं आयसोट्रेटिनॉइन हे तोंडावाटे घ्यायचं औषध. तीव्र, गाठी होणाऱ्या मुरुमांवर ते फार गुणकारी आहे आणि अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये मान्यता मिळाली. गरोदर उंदरांना अ जीवनसत्त्व अति दिलं तर पिलांत व्यंग येतं, हे सिडनी कोहलन यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. औषधावर इशाराही होता. तरीही गरोदरपणी ते घेतलं गेलं. १९८५ मध्ये लॅमर आणि सहकाऱ्यांनी अशा १५४ गर्भधारणांचा हिशेब मांडला. त्यातल्या ९५ जणींनी गर्भपात करून घेतला, १२ गर्भ आपोआप पडले, २६ बाळं व्यंगाशिवाय जन्मली आणि २१ बाळांना कान, हृदय, मेंदू यांची गंभीर व्यंगं होती.

क्रीममधून रक्तात फारच थोडं औषध जातं, त्यामुळे गोळीचा धोका जसाच्या तसा क्रीमला लावता येत नाही. चुकून लावली गेली आणि नंतर दिवस गेल्याचं कळलं, तर घाबरून जाऊ नका. क्रीम बंद करा आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. पण सुरकुत्या काही महिने थांबू शकतात. म्हणून दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन दोन्ही बाजूला ठेवायचं. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईला माझं हेच उत्तर असतं.

रेटिनॉल दुकानात कसं आलं?

ट्रेटिनॉइन हे औषध आहे. रेटिनॉल हे त्याचं आधीचं रूप. त्वचेतली विकरं त्याचं दोन टप्प्यांत रेटिनोइक ॲसिड करतात. वाटेत बरंच कमी होत असल्याने परिणाम सौम्य आणि त्रासही कमी. म्हणून ते सौंदर्यप्रसाधनांत आलं. हवा आणि उजेड लागला की ते लवकर निकामी होतं, ही त्याची अडचण. त्यामुळे ते घट्ट बंद, अपारदर्शक ट्यूबमध्ये भरतात आणि रात्री लावायला सांगतात.

सौम्य असलं तरी ते निव्वळ जाहिरात नाही. २००७ मध्ये मिशिगनच्याच गटाने सरासरी ८७ वर्षं वयाच्या ३६ वृद्धांच्या हाताला ०.४ टक्के रेटिनॉल आठवड्यातून तीनदापर्यंत, २४ आठवडे लावलं. बारीक सुरकुत्या कमी झाल्या. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमाने चेहऱ्याच्या क्रीममध्ये रेटिनॉलची कमाल मर्यादा ०.३ टक्के ठरवली आहे, कारण अ जीवनसत्त्व अन्नातूनही पोटात जातच असतं.

मैत्रिणीची स्वस्त ट्यूब

आता त्या मेडिकलमधल्या ट्यूबबद्दल. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी काळे डाग घालवण्यासाठी एक मिश्रण सुचवलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड. वांग असलेल्या रुग्णाला डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजके आठवडे द्यायला ते उपयोगी आहे. आपल्याकडे मात्र त्याची बदललेली रूपं, अनेकदा आणखी तीव्र स्टिरॉइड घालून, गोरं करणारी क्रीम म्हणून हातोहाती पसरली. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळ, गुळगुळीत दिसतो. मग त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते, आणि क्रीम बंद केली की चेहऱ्याची आग होते. म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी यावर अभ्यास केले, आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकण्याची सवलत काढून घेतली. तरी ती मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

तेव्हा ट्यूब उलटी करून घटक वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी एकही नाव दिसलं तर ती रेटिनॉलची नाइट क्रीम नाही, स्टिरॉइड आहे. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मग सुरुवात कशी करायची?

आता डबीवरच्या सूचना तुम्हाला कोरड्या वाटणार नाहीत.

• कमी तीव्रतेपासून सुरुवात करा. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एकाआड एक.
• चेहरा धुवून पूर्ण कोरडा होऊ द्या. वीस-तीस मिनिटं थांबा. संपूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढी क्रीम पुरते. पापण्या, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा सोडा. वरून साधं मॉइश्चरायझर लावा.
• सकाळी सनस्क्रीन, घरात असलात तरी. ते जमणार नसेल तर रेटिनॉल सुरूच करू नका.
• थोडी लाली आणि सालं अपेक्षित आहेत. आग होत असेल, सूज असेल तर काही दिवस थांबा. आपल्या सावळ्या त्वचेत जळजळीनंतर काळे डाग राहतात, म्हणून सहन करत लावत राहण्यात शहाणपण नाही.
• या काळात चेहऱ्यावर वॅक्सिंग, ब्लीच, स्क्रब टाळा. वरच्या ओठावर वॅक्सिंग केल्यास कातडी सोलून येऊ शकते. पार्लरमध्ये आधी सांगा.
• एक्झिमा, रोझेशिया असेल किंवा मुरुमांसाठी आधीच गोळ्या चालू असतील, तर आधी विचारा.
• मुरुमांसाठी निदान तीन महिने, सुरकुत्यांसाठी सहा महिने ते वर्ष धीर धरा.

आणि हे सगळं वाचून नको वाटलं, तरी काही बिघडत नाही. उन्हापासून जपणं आणि सिगारेट न ओढणं हे त्वचेसाठी कुठल्याही क्रीमइतकंच मोलाचं आहे. रेटिनॉल ही गरज नाही, निवड आहे. तुमच्या शंका खाली जरूर विचारा. विचारताना ट्यूबवरचे घटक मात्र लिहा.